मोंझाची रेस, सांगलीचा मामा आणि अडतीस लॅप

ऑगस्ट संपत आला की मामाचा फोन येतो. "मोंझाला येणार न्हवं?" मोंझा इटलीत आणि मामा सांगलीत, पण या प्रश्नाचा अर्थ आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. इटालियन ग्रांप्री मामाकडे बसून बघायची, बरोबर वही-पेन घ्यायचं आणि मध्ये कुणी जेवायला हाक मारायची नाही. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालाय. निम्मी नोकरी टायर सेक्शनला काढली. १९९८ साली शेजारच्यांच्या केबलवर त्याने पहिली फॉर्म्युला वन रेस बघितली, तेव्हापासून हे वेड आहे. मला ते त्याच्याकडून लागलं, आणि या वर्षी माझ्या बारा वर्षांच्या लेकीला लागलं. म्हणून २०२४ची ही सहल नीट लिहून ठेवतेय.

शुक्रवार, ३० ऑगस्ट : सातारा

दुपारी पुण्यातून निघालो. खंबाटकी उतरताना पावसाने गाठलं आणि साताऱ्यापर्यंत सोडलं नाही. अजिंक्यतारा ढगात बुडालेला. मुक्काम शाहूपुरीला मावशीकडे.

संध्याकाळी छत्री घेऊन मोती चौकात गेलो, कंदी पेढ्यांसाठी. खवा खरपूस भाजलेला असतो म्हणून हा पेढा रंगाने तांबूस आणि चवीला कमी गोड. पुण्यात याच नावाने मिळणारा पिवळट पेढा खाऊन मत बनवलं असेल तर ते बदलायची संधी इथे आहे. दुकानात गेल्यावर "आजचा आहे का" हे विचारायला लाजू नका. दुकानदार खरं सांगतात.

मावशीने गरम पिठलं, भाकरी आणि लसणीची चटणी केली होती. जेवताना मावसभावाने मोबाईलवर मोंझाचा सराव लावला. बरेच लोक शुक्रवारचा सराव बघत नाहीत. मला तर तो रविवारच्या रेसची गुरुकिल्ली वाटतो. प्रत्येक टीम पेट्रोल भरून एकाच टायरवर सलग बरेच लॅप, म्हणजे ट्रॅकचे पूर्ण फेरे, मारून बघते: टायर किती टिकतो, कधी मरतो. यंदा मोंझाचा रस्ता नव्याने डांबरी केलेला, त्यामुळे जुन्या वर्षांचे आकडे फारसे उपयोगाचे नव्हते. टायरवर दाणे येत होते. रबर रस्त्यावर घासून त्याचे बारीक तुकडे निघतात आणि टायरलाच परत चिकटतात, मग पकड जाते. याला ग्रेनिंग म्हणतात. कधी कधी चार-सहा लॅप सांभाळून चालवलं की ते दाणे झिजून टायर पुन्हा साफ होतो, कधी होत नाही. रविवारी एकदा थांबावं लागेल की दोनदा, हे शुक्रवारी रात्री कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. मला तिथेच रेस चढायला लागली.

शनिवार, ३१ ऑगस्ट : यवतेश्वर, कऱ्हाड, सांगली

पहाटे साडेपाचला मावसभाऊ धावायला निघाला. आम्ही गाडीतून मागे. साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, तिच्या सरावासाठी यवतेश्वरचा घाट हे धावणाऱ्यांचं माहेर. धुक्यातून एकेक माणूस उगवत होता, हात वर करून पुढे जात होता. भाऊ बरोबर बाटली घेत नाही. "वर जाताना अर्धा लिटर पाणी हातात धरून कशाला पळू, अक्का? पाणी प्यायला थांबलो तर दहा सेकंद जातात. पण बाटली घेऊन पळालो तर प्रत्येक वळणावर थोडं थोडं जातं." कुठल्या वळणावर थांबायचं हे त्याचं ठरलेलं होतं: चढ संपल्यावर, दम लागायच्या आधी. लेकीने बाटली पुढे केली, त्याने एका दमात अर्धी अंगावर आणि अर्धी घशात ओतली.

तिथून कास तलावापर्यंत गेलो. पठारावर फुलं नुकती सुरू झाली होती, तेरड्याचा गुलाबी रंग तुकड्या-तुकड्यांनी दिसत होता. भर हंगामात जायचं असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी करा, शनिवार-रविवार टाळा आणि छत्रीपेक्षा रेनकोट घ्या. वाऱ्यात छत्रीचा काही उपयोग नाही.

दुपारी कऱ्हाडला प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात. दोन्ही नद्या लाल पाण्याने भरलेल्या, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ शाळेची सहल आलेली. काठावर अर्धा तास नुसते बसून राहिलो.

पुढे हायवेच्या कामांतून वाट काढत पेठ नाक्याच्या अलीकडे आलो आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. मागचा टायर बसलेला. पावसात स्टेपनी काढली, जॅक लावला, तर एक नट हलेना. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी पान्यावर उभं राहून तो सोडवला, आणि नाव न सांगता निघून गेले. नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी टायर पाण्यात फिरवून खिळा शोधला. मग टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं.

"ताई, हे बघा. भाईरनं नवा दिसतोय, आतनं टक्कल पडलंय. अलाइनमेंट कधी केलीया?"

मला आठवेना. त्यांनी स्ट्रिप भरून टायर दिला, पण हा आता स्टेपनीलाच ठेवा असं बजावलं. त्यांचे दोन सल्ले तुम्हालाही देते. हवा गाडी थंड असताना मोजायची. पळून आलेल्या गरम टायरमधला आकडा फसवा असतो. आणि टायरची आतली कड महिन्यातून एकदा खाली वाकून बघायची. यात दीड तास गेला.

इस्लामपूर, आष्टा करत सांगलीवाडीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आयर्विन पूल ओलांडताना माझी नजर नेहमी खाली पाण्याच्या पातळीकडे जाते. हा पूल १९२९चा. कृष्णेचं पाणी इथेच मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि मामाच्या घरात पहिल्या मजल्यावर सामान चढवावं लागलं होतं. त्या संध्याकाळी नदी पात्रातच शांत होती.

साडेसातची पात्रता फेरी गाठली. रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार हे तिच्यात ठरतं. लँडो नॉरिस पहिला, ऑस्कर पियास्त्री दुसरा, दोघे मॅकलारेन टीमचे. तिसरा मर्सिडीजचा जॉर्ज रसेल, चौथा फेरारीचा शार्ल लक्लेर. मामाने वहीत नावं लिहिली आणि लक्लेरच्या पुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

रविवार, १ सप्टेंबर : सांगली, हरिपूर आणि रेस

सकाळी गणपती मंदिरात गेलो, पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेलं, कृष्णेच्या काठी. काळ्या दगडाचा तो मंडप पावसाळी उजेडात फार देखणा दिसतो. मग हरिपूरला. मोठ्या झाडांच्या सावलीतला हा रस्ता चालतच करावा. शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होतं: जमिनीत खोल खणलेली, वरून अरुंद तोंडाची कोठारं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली. घाटावरच्या एका आजोबांनी सांगितलं की पेव उघडलं की आधी आत दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही.

दुपारी मामीच्या हातची कृष्णाकाठची भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वाटीभर दही. या वांग्यांसाठी वेगळा लेख लिहावा लागेल.

साडेसहाला रेस. युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे रविवारी याच वेळेला सुरू होतात, त्यामुळे नव्याने बघणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मधल्या टेबलावर भडंगाची परात, चहाचा थर्मास, मामाची वही आणि तासगावच्या बेदाण्यांची पुडी. लेकीने बसल्याबसल्या विचारलं, "आजोबा, सगळे एवढ्या जोरात पळतात, मग मध्ये थांबतात कशाला? थांबला तो मागे नाही का पडणार?"

मामाने परात बाजूला सरकवली आणि बेदाणे मांडले. हिरवा नॉरिस, काळा लक्लेर, पिवळा पियास्त्री.

"पेट्रोल भरायला थांबत न्हाईत, ते २०१०पासनं बंद झालं. आता थांबायचं ते टायरसाठी. कोरड्या रेसमधी दोन वेगवेगळ्या जातीचं टायर वापरायलाच लागत्यात, म्हंजे एकदा तरी थांबणं आलंच. कधी थांबायचं, त्ये मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं."

मग त्याने हिशोब सांगितला. प्रत्यक्ष टायर बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात. वीसेक माणसं गाडीला एकाच वेळी भिडतात. पण पिटच्या, म्हणजे टायर बदलायच्या जागेच्या, गल्लीत ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, आत यायचं, बाहेर पडायचं. सगळं धरून वीस सेकंदांच्या वर जातात. ते वीस सेकंद नव्या टायरवर परत कमवायचे. जुना टायर लॅपमागे एखादा सेकंद खात असेल, तर किती लॅप लागतील? लेकीने बोटं मोजली. "वीस." मामा म्हणाला, "आणि रेस किती लॅपची?" "त्रेपन्न." "मग आता बघ."

मग त्याने काळा बेदाणा पुढे, हिरवा त्याच्या मागे लावला. मागचा आधी थांबला. नवे टायर, एक जोरदार लॅप. पुढचा त्याच्या पुढच्या लॅपला थांबला, पण तो जुन्या टायरवर तोवर हळू होता. बाहेर आला तर हिरवा पुढे गेलेला. रस्त्यावर ओव्हरटेक झालाच नाही. याला अंडरकट म्हणतात. मामा याला "आधी उठून पाणी भरणं" म्हणतो. नळाला पाणी तासभरच येणाऱ्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

रेस सुरू झाली. पहिल्याच लॅपला पियास्त्रीने आपल्याच टीमच्या नॉरिसला मागे टाकलं आणि पाठोपाठ लक्लेरही पुढे निघाला. पियास्त्री, लक्लेर, नॉरिस. चौदाव्या लॅपला नॉरिस आत आला. मामा उठून उभा राहिला. "आता ह्यो बी येणार." पंधराव्याला लक्लेर आला, बाहेर पडला, आणि हिरवा बेदाणा त्याच्या पुढून गेला. लेक किंचाळली. तिने टेबलावर जे बघितलं होतं तेच थोड्या वेळात पडद्यावर झालं होतं. पियास्त्री सोळाव्याला थांबून पुढेच राहिला.

आता तिघेही कठीण, पांढऱ्या पट्टीच्या टायरवर. पडद्याच्या डाव्या बाजूला नावांच्या यादीकडे लक्ष ठेवा: कोण कुठल्या टायरवर आहे आणि कोण किती सेकंद मागे. गाड्यांपेक्षा मी ती यादी जास्त बघते. लाल म्हणजे मऊ आणि जलद, पिवळा मध्यम, पांढरा कठीण आणि टिकाऊ. दोन गाड्यांतलं अंतर वीस-पंचवीस सेकंदांच्या आसपास पोचलं की कान टवकारायचे, कारण तेवढ्यात पुढचा थांबून पुन्हा पुढेच निघू शकतो.

मधले पंधरा लॅप मामाने जुन्या गोष्टी काढल्या. त्याच्या वहीतलं सगळ्यात लाडकं पान १९९८ हंगेरीचं आहे. मॅकलारेन दोनदा थांबणार होते. फेरारीचे डावपेच आखणाऱ्या रॉस ब्रॉनने शूमाकरला तीनदा थांबवायचं ठरवलं, आणि मधल्या १९ लॅपमध्ये २५ सेकंद कमवायला सांगितले. जादा थांबा म्हणजे गाडीत पेट्रोल कमी, गाडी हलकी. शूमाकरने ते कमवले आणि रेस जिंकली. मग नको असलेलं पान आलं, २०१० अबू धाबी. विजेतेपदाच्या शेवटच्या रेसमध्ये फेरारीने अलोन्सोला पंधराव्या लॅपला आत घेतलं, कारण विजेतेपदाचा एक दावेदार वेबर थांबला होता आणि त्याला अडवायचं होतं. अलोन्सो बाहेर आला तो रेनॉच्या पेत्रोव्हच्या मागे. उरलेली सगळी रेस त्याच्या मागेच. तिकडे पुढे दुसरा दावेदार व्हेटेल आरामात जिंकला आणि विश्वविजेता झाला. "नजर चुकीच्या गाडीवर ठेवली," मामा म्हणाला. चौदा वर्षं झाली तरी त्याचा आवाज बसला.

महिन्यापूर्वीची बेल्जियमची रेस तर ताजीच होती. रसेलने फक्त एकदा थांबून ती जिंकली आणि मग गाडीचं वजन दीड किलो कमी भरलं म्हणून त्याला बाद केलं. मामाला त्यात टायरवाल्याचा आनंद मिळाला होता. टायर झिजतो म्हणजे रबर जातं, रबर जातं म्हणजे वजन जातं. चार टायर शेवटापर्यंत ओढले की त्यातच बरंच कमी होतं. वर्कशॉपमध्ये रिमोल्डिंगला, म्हणजे नवं रबर चढवायला, आलेले टायर तो हातात उचलून सांगायचा, हा किती पळालाय.

बत्तिसाव्या लॅपला नॉरिस दुसऱ्यांदा आत आला आणि गोष्टी थांबल्या. अडतिसाव्याला पियास्त्रीही आला. आता प्रश्न एकच होता, फेरारी काय करणार? यादीत लक्लेर सगळ्यात वर, पण पंधराव्या लॅपचेच टायर घेऊन. मागे पियास्त्री नव्या टायरवर, पंधरा-वीस सेकंदांनी मागे, आणि उरलेले लॅप पंधरा. लेकीने वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. "म्हणजे प्रत्येक लॅपला सेकंदाच्या वर घ्यायला पाहिजे." "आणि लक्लेर?" "त्याचे टायर मेले नाहीत तर पियास्त्रीला नाही मिळणार."

"तेच," मामा म्हणाला. आणि मग कुणी बोललं नाही.

त्या पंधरा लॅपमध्ये लक्लेरच्या आसपास एकही गाडी नव्हती. कॅमेऱ्यात तो एकटा, झाडांमधून जाणारी लाल गाडी. परक्या माणसाला वाटलं असतं की हे लोक काय बघताहेत. आम्ही आकडे बघत होतो. दोघांमधलं अंतर कमी होत होतं, पण पुरेसं होत नव्हतं. पियास्त्रीने वाटेत फेरारीच्याच सायन्झला गाठलं, मागे टाकलं. पुन्हा आकडा खाली आला. लक्लेरचा लॅपचा वेग मात्र पडत नव्हता. अडतीस लॅप एकाच टायरवर. प्रत्येक वळणावर किती जोर लावायचा हे तो मोजत होता, आणि ते मोजणं पडद्यावर फक्त दशांशात दिसत होतं. मामी ताटं घ्यायला आली आणि तीही दारात थांबली.

लक्लेर २.६ सेकंदांनी जिंकला. त्याचाच २०१९चा विजय मी याच खोलीत बघितला होता. ग्रँडस्टँडमधले लोक लाल झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले. मामाने चष्मा काढून पुसला आणि वहीत लक्लेरच्या पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं.

जेवताना मी मामाला मोनॅकोची आठवण दिली. याच वर्षी मे महिन्यात हाच लक्लेर तिथे, स्वतःच्या गावात, जिंकला होता. मन भरून आलं होतं, पण रेस म्हणून त्यात काही नव्हतं. पहिल्याच लॅपला अपघात झाला, लाल झेंड्याने रेस थांबली, आणि त्या थांब्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले. बदलायचा नियमही पुरा झाला. मग उरलेली रेस सगळे टायर जपत रांगेने फिरत राहिले. सुरुवातीचे पहिले दहा त्याच क्रमाने शेवटी पोचले. तोच माणूस, तीच गाडी, तसेच टायर. मोनॅकोत थांबण्याचा निर्णय कुणाला घ्यावाच लागला नाही. मोंझात दोन वाटा होत्या, दोन्ही बरोबर असू शकत होत्या आणि कुठली बरोबर हे शेवटच्या दोन-तीन लॅपपर्यंत ठरत नव्हतं. गाड्या नुसत्या वेगाने पळतात म्हणून मला कधीच धडधडलं नाही. धडधडतं ते यामुळे. ज्यांना फॉर्म्युला वन कंटाळवाणी वाटते त्यांनी एकदा वही घेऊन बघावं, असं मला कळकळीने वाटतं. पुढे कोण आहे हे पडदा सांगतो. खरोखर पुढे कोण आहे हे ज्याचं त्याला काढावं लागतं.

सोमवार, २ सप्टेंबर : मिरज आणि परत

सकाळी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले, लाकडाचा आणि पॉलिशचा वास. एका कारागिरांनी लेकीला तार छेडू दिली आणि जवारी लावणं म्हणजे काय ते दाखवलं. तार घोडीवर जिथे टेकते तो पृष्ठभाग किंचित घासायचा, वाजवायचा, पुन्हा घासायचा. जास्त घासलं तर सूर गेला. बघायला जाताना काहीतरी विकत घेतलंच पाहिजे असं कुणी सुचवत नाही, पण काम चालू असताना मध्ये बोलू नका.

मामीने भडंग, हळद आणि डझनभर वांगी बांधून दिली. मामाने लेकीला वहीतलं रेसचं पान फाडून दिलं. मला एवढ्या वर्षांत त्याने एकही पान दिलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने १५ तारखेला आधीच गोल केला होता: बाकूची पुढची रेस, दुपारी साडेचार, गणपतीतला रविवार.

पेठ नाक्यावर काकांकडे थांबून हवा तपासली. कऱ्हाड गेलं, सातारा गेला. लेक मागच्या सीटवर पान मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, पियास्त्री दुसऱ्यांदा थांबलाच नसता तर?"

मी सांगायला लागले की तेव्हा त्याच्या टायरवर दाणे आले होते. मग लक्लेरच्याही आले होते, ते आठवलं. नॉरिस आधीच थांबलेला असल्यामुळे मॅकलारेनला एकाला तरी बाहेर ठेवून बघता आलं असतं, हेही आठवलं. तिने पेन मागितलं. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने त्रेपन्न लॅप पुन्हा मांडायला घेतले, आणि खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा ती चव्वेचाळिसाव्या लॅपवर होती.